बाबांचं सत्त्याहत्तर

ओझरच्या पोरांना विमानं आवाजावरून कळत. मिग चाचणीला निघालं की आधी लांबवर दबका गडगडाट, मग आफ्टरबर्नर पेटल्याचा आवाज, आणि लगेच शाळेच्या तावदानांची थरथर. बाई फळ्याकडे तोंड करून थांबायच्या. आवाज विरला की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना, धावपट्टी, आमची टाउनशिप आणि भोवती द्राक्षांचे मळे. एवढंच आमचं जग होतं आणि त्याच्या डोक्यावरून जगातल्या सर्वांत वेगवान लढाऊ विमानांपैकी एक रोज जायचं.

पण ते फक्त जायचं. कारखान्यात मुलांना प्रवेश नव्हता, फोटो काढायला बंदी होती आणि बाबा घरी कामाबद्दल अवाक्षर काढत नसत. ते असेंब्लीत फिटर होते. सकाळी भोंगा व्हायच्या आधी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी बिल्ला खुंटीला अडकवायचे आणि तिथेच कारखाना संपायचा. ‘तुझे बाबा काय करतात?’ ‘मिग बनवतात.’ यापुढे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. विमानाचं पोट खालून कसं दिसतं हे मला ठाऊक होतं. ते हाताला कसं लागतं, हे विचारायचीही सोय नव्हती.

म्हणून तो खोका माझ्यासाठी इतका मोठा ठरला. मामा मर्चंट नेव्हीत होता. १९८२ च्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा, जोडायच्या छोट्या विमानाचा एक खोका निघाला. झाकणावर ढगांमधून येणारं चंदेरी विमान आणि नाव मिग-२१. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग, एक पारदर्शक झाकण, खुर्चीत बसलेला नखाएवढा पायलट, विमानावर चिकटवायच्या सोव्हिएत लाल ताऱ्यांचा ट्रान्स्फरचा कागद आणि घडी घातलेलं जुळणीचं पत्रक. प्रमाण १:७२. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. इंग्रजी मोजमापांत हे प्रमाण असं सहज बसतं, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून ते चालत आलंय. फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये प्लास्टिकची पहिली विमानं काढली तीही याच प्रमाणात.

मी लगेच भाग तोडायला बसलो होतो. बाबा कामावरून आले, त्यांनी चप्पल काढली, खोका बघितला आणि जेवायचं सोडून पत्रक हातात घेतलं. ते पत्रक त्यांनी ज्या तऱ्हेने वाचलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. आधी पूर्ण, एकदाही न थांबता. मग परत पहिल्यापासून, प्रत्येक भागाचा क्रमांक चौकटीवर बोटाने शोधत. शेवटी म्हणाले, “अरे, हे ड्रॉइंगच आहे की. छान काढलंय. पण आज काही चिकटवायचं नाही.”

पहिल्या दिवशी आम्ही भाग फक्त धुतले. कोमट पाणी, थोडा साबण, आईचा जुना टूथब्रश. “साच्याला तेल लावलेलं असतं,” बाबा म्हणाले, “ते प्लास्टिकवर राहतं. धुतल्याशिवाय रंग धरणार नाही.” भाग पंचावर वाळत ठेवले आणि मी रात्रभर उठून उठून ते बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कोरडी जुळणी. भाग चौकटीतून हाताने मोडायचा नाही, नेलकटरने लांबून कापायचा आणि उरलेला खुंट ब्लेडने, मग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचा. दोन अर्धुकं न चिकटवता एकमेकांवर बसवायची, उजेडाकडे धरायची. फट दिसली की ती कुठे अडतेय ते शोधायचं. हे सगळं त्यांनी मला कारखान्यातल्या शब्दांत शिकवलं. ‘फिटिंग’, ‘क्लिअरन्स’, ‘जिग’ हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. जे काम ते रोज माझ्यापासून काही किलोमीटरवर करत होते, त्याची भाषा माझ्या कानावर त्या खोक्यामुळे पडली.

गोंद नव्हता. या प्लास्टिकला साधा डिंक चालत नाही, फेव्हिकॉलही नाही. हे पॉलिस्टायरीन असतं, ते विरघळवूनच जोडावं लागतं. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकांत मिसळतात आणि वाळल्या की सांधा उरत नाही, एकच तुकडा होतो. रविवार कारंजावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आम्ही एन. सी. थिनरची छोटी बाटली आणली. बाबांनी रिकाम्या चौकटींचे तुकडे करून औषधाच्या बाटलीत टाकले, वर थिनर ओतलं. दुसऱ्या दिवशी त्याची दाट लापशी झाली. पातळ केली की गोंद, घट्ट ठेवली की फटी भरायची लांबी. भाग ज्या प्लास्टिकचे, त्याच प्लास्टिकने जोडलेले. मला त्यातली सुबकता आजही फार आवडते. वास मात्र जबरदस्त. आईने आमची रवानगी व्हरांड्यात केली आणि ते बरोबरच होतं.

पंख चिकटवायच्या वेळी मी ते सरळ आडवे धरले. बाबांनी थांबवलं. वही उघडून समोरून दिसणारं विमान काढलं. “मिगचे पंख किंचित खाली झुकलेले असतात. दोन अंश.” मग चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कंपासपेटीतला कोनमापक लावून दोन आधार कापले, त्यात विमान बसवलं आणि गोंद वाळेपर्यंत हात लावायचा नाही असं बजावलं. ते पुठ्ठ्याचे तुकडे म्हणजे जिग. त्या रात्री मला कळलं की शेडमध्येही खरं विमान असंच कुठल्या तरी मोठ्या लोखंडी आधारात बसत असणार. बाबांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

त्यांचा अंगठा मात्र प्लास्टिकवरून फिरताना अडायचा. जुन्या एअरफिक्सच्या भागांवर रिव्हेटचे बारीक उंचवटे असत, ओळीने, शेकड्यांनी. साचा कोरणाऱ्याने साच्यात ठिपका पाडला की भागावर उंचवटा येतो, त्या काळात ते सोपं आणि छान दिसणारं काम होतं. बाबांना ते सहन होईना. “अर्ध्या मिलिमीटरचं डोकं आहे. बहात्तरने गुण.” मी गुणलं. छत्तीस मिलिमीटर. “एवढं डोकं बाहेर काढून ध्वनीच्या दुप्पट वेगाने कोण उडणार? आमचे रिव्हेट पत्र्यात बुडलेले असतात. हात फिरवला तर कळत नाहीत.” आणि लगेच गप्प झाले. पण ‘आमचे’ हा शब्द निघून गेला होता. मग आम्ही दोघांनी शेजारी बसून ते सगळे उंचवटे पॉलिश पेपरने घासून काढले, एका पंखाचे त्यांनी, दुसऱ्याचे मी.

खरी अडचण नाकाची होती. खोक्यातलं विमान मिग-२१ चं अगदी सुरुवातीचं रूप होतं, एफ-१३. नाकपुडी अरुंद, शेपटीचा उभा पंख निमुळता आणि वेग मोजायची लांब नळी नाकाच्या खालच्या ओठाला. ओझरला जे पहिल्यांदा बांधलं गेलं ते एफएल. हवाई दलाच्या आणि कारखान्याच्या बोलण्यात टाइप सत्त्याहत्तर. बाबा साठच्या दशकाच्या शेवटी कामाला लागले ते सत्त्याहत्तरवर. नंतर शहाण्णव आलं, मग पंच्याहत्तर. पण पहिलं ते पहिलं.

“बाबा, आपण सत्त्याहत्तर करू या?”

त्यांनी बराच वेळ विचार केला. गुपित काही फुटत नाही ना, हेच ते तपासत असणार. मग मला बाहेर अंगणात नेलं. संध्याकाळची चाचणी होती. विमान डोक्यावरून गेलं तसं म्हणाले, “तोंड बघितलंस? मोठं आहे. मधल्या शंकूत रडार बसवायचं होतं. शंकू मोठा झाला, म्हणून हवा घ्यायला तोंडही मोठं करावं लागलं. हे काय, कुणालाही खालून दिसतं.” एका विमानाची गोष्ट मला त्यांनी पहिल्यांदा सांगितली ती अशी, ते विमान डोळ्यांसमोर असताना.

मग खटाटोप सुरू झाला. नाकाचा पुढचा भाग कापला. शाईच्या पेनाच्या टोपणाचं कडं कापून नवीन ओठ केला. त्यापासून मागे अंगापर्यंत लापशीची लांबी थरावर थर भरली. एक थर वाळायला दोन-दोन दिवस. जाड थर एकदम दिला तर आत मऊ राहतो आणि पुढे खचतो, म्हणून थांबायचं. शंकू मेणबत्तीवर मऊ केलेल्या चौकटीच्या तुकड्याचा, घासून घासून. शेपटीचा पंख रुंद करायला माझी सहा इंची पारदर्शक पट्टी कामी आली. ती नेमकी त्याच प्लास्टिकची निघाली, थिनरने धरली. नळीसाठी आईच्या डब्यातली शिवणाची सुई, आता नाकाच्या वर. शेपटी जड होऊन विमान मागे बसू नये म्हणून नाकात सायकलचे छर्रे. विमान पुन्हा पुन्हा अंगणात न्यायचं, वरून जाणाऱ्याशी ताडून बघायचं. आता वरून जाणारं बहुतेक वेळा पंच्याहत्तर असायचं, पाठीवर जाड कणा असलेलं. तेव्हा ‘हे बघू नकोस, हे आपलं नाही’ असं बाबाच म्हणायचे.

रंगाला हंब्रोलच्या डब्या कुठून आणणार? फाटकाला देतात ती चंदेरी पावडर आणि मिडियम मिसळून पातळ केलं आणि जुन्या मऊ ब्रशने, एकाच दिशेने, तीन पातळ हात दिले. एकाहत्तरच्या युद्धाआधी आपली सत्त्याहत्तर उघड्या धातूच्या रंगाची असत, म्हणजे चंदेरीच बरोबर. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात गव्हर्नरच्या बंगल्यावर रॉकेट डागणारी विमानं हीच, हे मामाने सांगितलं आणि त्या दिवसापासून ती शेपटी मी जास्त जपून धरू लागलो.

तारे लावायचे नव्हते. हवाई दलाचं चक्र हवं होतं, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. पोस्टाच्या तिकिटांच्या शीटला रिकाम्या कडा असतात, त्यांना मागून डिंक लागलेला असतो. त्या कडांवर कंपासच्या लेखणीने वर्तुळं काढली, लाल-पिवळं मिसळून केशरी केलं, मधला हिरवा ठिपका काडेपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने दिला. वाळल्यावर कापून, ओलं करून, पंखावर. शेपटीवर तिरंगी पट्टी, केशरी पुढच्या बाजूला. “नंबर?” मी विचारलं. बाबांनी मान हलवली. नंबर त्यांनी कधीच सांगितला नाही. माझं सत्त्याहत्तर बिननंबरी राहिलं आणि त्यांच्या या नकारामुळे ते मला खोक्यातल्या कुठल्याही विमानापेक्षा जास्त खरं वाटायचं.

पुढच्या वर्षांत मामाने अजून काही खोके आणले. स्पिटफायर, हरिकेन, एक हेलिकॉप्टर. ती भराभर झाली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण ती डोक्यावरून जात नव्हती.

एअरफिक्स कंपनीची कहाणी मी बऱ्याच नंतर वाचली. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन माणसाने १९३९ मध्ये लंडनला ती काढली, आधी हवा भरायची रबरी खेळणी, मग कंगवे. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती, १९५२ मध्ये गोल्डन हाइंड हे जहाज, १९५३ मध्ये पहिलं विमान, स्पिटफायर. जहाज आणि विमान वूलवर्थच्या दुकानांत स्वस्तात मिळतील असे बेतले होते आणि माझ्या मते सगळं मोठेपण त्या स्वस्ताईत आहे. खिशातल्या पैशांत पोराच्या हातात एक पूर्ण विमान येतं, पण जोडलं नाही तर ते विमान होत नाही. १९८१ मध्ये कंपनी बुडाली, मालक बदलत गेले, २००६ पासून ती हॉर्नबीकडे आहे. पण कंपन्या बुडतात तेव्हा पोलादी साचे बुडत नाहीत. जुने साचे अनेक दशकं नव्या खोक्यांतून परत परत येत राहिले. म्हणूनच आज पन्नाशीतली माणसं जगभर तेच भाग पुन्हा हातात घेऊ शकतात.

मीही घेतले. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. बाबा आता आमच्याकडे पुण्यात असतात. टीव्हीवरचा सोहळा त्यांनी पुढे सरकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाहिला. एचएएलने ६५७ मिग-२१ बांधली असं निवेदक म्हणाला. “सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला,” बाबांनी पुरवणी जोडली आणि मग बोलत राहिले. १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते, म्हणून कारखाना आपल्याकडे आला असं तेव्हा सगळे कसे मानत. खेड्यातून आलेल्या आयटीआयच्या पोरांनी रशियन ड्रॉइंगं वाचायला कशी घेतली. चाळीस वर्षांत जे बोलले नव्हते ते.

त्याच महिन्यात एका संग्राहकाकडून मी तोच खोका विकत घेतला. कोपरे चेपलेले, पत्रक पिवळं, पण भाग चौकटीत शाबूत. आणि या वेळी नाक कापायचं नाही असं ठरवलं, कारण मधल्या काळात मला एक गोष्ट कळली होती. १९६३ मध्ये चंडीगडला आलेली आपली पहिली सहा मिग-२१ ही एफ-१३ च होती. टाइप चौऱ्याहत्तर. अरुंद तोंडाची, नळी खाली असलेली. लहानपणी ज्या खोक्याला आम्ही परका समजून दुरुस्त करत बसलो, तो जसाच्या तसा आपला होता.

जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, म्हणून भाग कापताना नेलकटर नव्हे, बारीक दातांची करवत वापरली. साच्याच्या दोन अंगांच्या मधून पातळ पापुद्रे बाहेर आलेले होते, जुन्या खोक्यांत ते असतातच, ते ब्लेडने खरवडले. आता पाण्यासारखा पातळ गोंद मिळतो. कडा जुळवून धरायच्या आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, तो आपणहून आत ओढला जातो. ताऱ्यांचं पत्रक पिवळं पडलं होतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवलं, पिवळेपणा बराचसा उतरला. जुने ट्रान्स्फर पाण्यात टाकले की भुगा होतात, म्हणून वर आधी वॉर्निशचा एक हात. तारे मला लागणारच नव्हते, तेच विमान सोव्हिएत रंगात करणाऱ्या एका मित्राला दिले.

रिव्हेट घासायला मी पॉलिश पेपर भिजवला, तर बाबांनी हात धरला. चष्म्यावर भिंग धरून त्यांनी पंख उजेडात फिरवला. “राहू देत. कुणी तरी एकेक करून कोरलेत हे साच्यात. ओळ बघ, कुठे चुकलेली नाही.” ज्या उंचवट्यांवर ते एकदा चिडले होते, त्यांच्यातली कारागिरी आता त्यांना दिसत होती. ते तसेच ठेवले. चंदेरी रंगाखाली ते छान उठून आले.

पंखांसाठी जिग पुन्हा पुठ्ठ्याचं. दोन अंश. ते त्यांनीच कापलं. हात थोडा कापतो, पण कोनमापक लावायची त्यांची रीत तीच आहे, एक डोळा मिटून.

आता कपाटात दोन्ही शेजारी आहेत. सत्त्याहत्तरच्या नाकावरची सुई गंजली आहे आणि पोस्टाच्या कागदाचं केशरी विटकरी झालंय. ती सुई बदलू नकोस असं बाबांनी सांगितलंय. बिल्डिंगमधली पोरं येतात, तेव्हा आम्ही दोन्ही विमानं त्यांच्या हातात देतो. मोठं तोंड कोणाचं आणि का, हे बाबा त्यांना समजावतात. रडारचं सांगताना आता आवाज खाली करत नाहीत.

पुढचा खोका टेबलावर येऊन पडलाय. नॅट. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर एकट्याने लढलेल्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं विमान करायचं, असं बाबांच्या मनात आहे. पण खोक्यातलं नॅट ब्रिटिश सरावाचं, दोन खुर्च्यांचं. आपलं एका खुर्चीचं होतं. दोन खुर्च्यांचं ९.६८ मीटर लांब, एका खुर्चीचं ८.७४. बाबांनी काल रात्री वहीत बहात्तरने भागलं, तेरा मिलिमीटर कमी करायचे आलेत. शिवाय पंखही वेगळा, तो आखूड करावा लागेल. ते पेन्सिलने विमानाच्या अंगावर खुणा करत बसलेत आणि मला विचारतायत की करवत चालवायची ती कॉकपिटच्या झाकणाच्या पुढून की मागून. माझ्या मते दोन्हीकडून थोडी थोडी. त्यांना ते पटलेलं नाही.